आयर्विनला किती?

2019 चा ऑगस्ट. घरात तीन दिवस लाईट नाही, मोबाईल 11 टक्क्यांवर, तळमजल्यावरच्यांचं सगळं सामान आमच्या हॉलमध्ये आलेलं, आणि पाऊस काय थांबायचं नाव घेईना. त्या आठवड्यात सांगलीत कुणी कुणाला जेवलास का म्हणून विचारत नव्हतं, सगळे एकच विचारत होते, आयर्विनला किती? म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे इथल्या लहान पोराला पण पाठ असतं. 2005 ला 53 च्या पुढं गेलेलं हे मोठ्यांना पाठ असतं, कुठल्या गल्लीत कितव्या पायरीला पाणी लागलं होतं त्याच्यासकट. यावेळी ते 57 च्या वर गेलं.

तो आकडा बघायला मी ज्या साईटवर गेलो तिचं नाव घेत नाही. वर मोठ्ठा स्लायडर, त्यात पाच-सहा फोटो, खाली सरकणारी पट्टी, मग कुठंतरी आत पाण्याची पातळी. एरवी चाललं असतं. पण टॉवर बंद पडत चाललेले, रेंजची एकच काडी, पांढऱ्या स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतंय फिरतंय, शेवटी पहिल्या फोटोचा वरचा भाग आला, कुणाचा तरी फेटा आणि कपाळ दिसलं आणि तिथंच अडकलं. दोन टक्के बॅटरी त्यात गेली. मग दाजींचा मेसेज आला, "आयर्विन 54. वाढतंय. आईंना घेऊन उजाडायच्या आत विश्रामबागला या." आम्ही निघालो.

मी वेबसाईट बनवतो. 2006 पासून हेच करतोय, दुसरं काही येत नाही आणि करायचं पण नाही. तरी त्या रात्रीपर्यंत मला असं कधी आतून जाणवलं नव्हतं की साईट जड आहे म्हणजे नेमकं काय आहे. फेटा दिसला आणि आकडा दिसला नाही. तेव्हापासून कुठल्याही गिऱ्हाईकाचं काम घेतलं की मी आधी मनात विचारतो, याच्या गिऱ्हाईकाचं आयर्विन कुठलं? म्हणजे अडचणीच्या वेळी, घाईत, एका काडीच्या रेंजवर माणूस याच्या साईटवर येईल तेव्हा त्याला नेमकं काय हवं असेल.

हे शहाणपण मला फार उशिरा आलं, कारण माझी सुरुवातच उलटीकडून झाली. विश्रामबागेतल्या एका क्लासमध्ये मी फ्लॅश शिकलो, म्हणजे साईटवर हलती चित्रं आणि आवाज घालायचं सॉफ्टवेअर. तेव्हा फ्लॅश येतं म्हणजे पोरगा हुशार असं होतं. पहिलंच मोठं काम मिळालं ते हळदीच्या एका फर्मचं. मी काय केलं, काळ्या पडद्यावर एक हळकुंड गोल फिरत यायचं, त्याचा भुगा व्हायचा, भुग्यातून फर्मचं नाव तयार व्हायचं, मागं तबला. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'स्किप इंट्रो'. तीन आठवडे रात्री जागून केलेलं ते, एकेक फ्रेम हातानं. मालकांना एवढं आवडलं की दुकानात येईल त्याला दाखवायचे, चहा सांगायचे आणि दाखवायचे. मला पण त्याचा फार अभिमान होता आणि खरं सांगायचं तर त्या मेहनतीचा आजही आहे.

फक्त ती फाईल होती दीड एमबीची. आणि तेव्हाचं चांगल्यातलं ब्रॉडबँड 256 केबीपीएसचं, म्हणजे सगळं सुरळीत असलं तरी पाऊण मिनिट 'लोडिंग' बघत बसायचं. ज्याला हळद घ्यायची तो पाऊण मिनिट आणि वर तबला ऐकून मग फोन नंबर शोधणार. मालकांच्या कॉम्प्युटरवर ते एकदा आलं की साठवलेलं असायचं, त्यामुळं तिथं फटकन उघडायचं. हा घोळ आजपण तसाच आहे बरं का, साईट पास होते ती मालकाच्या केबिनमध्ये, एसीत, फायबरवर, मोठ्या स्क्रीनवर, आणि वापरली जाते ती ट्रकच्या बाजूला उभं राहून, उन्हात, अंगठ्यानं.

पुढं आयफोन आला, त्यात फ्लॅश चाललंच नाही कधी. 2010 ला स्टीव्ह जॉब्सनं उघड पत्र लिहून फ्लॅश का नको ते सांगितलं. 2017 ला फ्लॅशच्या मालक कंपनीनं, अडोबीनं, स्वतःच जाहीर केलं की आम्ही बंद करणार, 31 डिसेंबर 2020 ला सपोर्ट संपला आणि 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरमधून फ्लॅश चालायचंच बंद झालं. त्या दिवशी मी मुद्दाम ती जुनी फाईल उघडून बघितली. हळकुंड नाही, तबला नाही, एक करडा चौकोन. घरातलं कुणीतरी वारल्यावर घर कसं दिसतं तसं वाटलं.

आणि त्याच दिवशी, मन लागेना म्हणून, मी जगातलं पहिलं वेब पान उघडलं. टिम बर्नर्स-लीनं सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत 1991 ला केलेलं, सर्ननं 2013 मध्ये परत जुन्या पत्त्यावर ठेवलेलं. पांढरं पान, काळी अक्षरं, निळ्या लिंका. एकपण चित्र नाही. ते माझ्या मोबाईलवर उघडलं, स्क्रीनच्या रुंदीत आपोआप बसलं पण. ज्या काळात असला मोबाईल कुणाच्या डोक्यात नव्हता त्या काळातलं पान चालतंय आणि मी जीव ओतून केलेलं पंधरा वर्षांत गेलं. यात काय बरोबर काय चूक असं नाही म्हणत मी, पण पोटात काहीतरी हललं हे खरं.

आता गिऱ्हाईकाची बाजू सांगतो, कारण आमच्या धंद्यातली पोरं गिऱ्हाईकाला फार लवकर अडाणी ठरवतात आणि ते मला पटत नाही. दुकानदाराला झगमगीत साईट का हवी असते? हौस म्हणून नुसतं नाही. आपल्याकडं सजवणं म्हणजे मान देणं असतं. दुकान उघडलं की तोरण लावतो, पाहुणा आला की रांगोळी, लग्नपत्रिकेवर गणपती, मोर, सोनेरी कड, आतल्या पानावर सगळ्या भाऊबंदांची नावं. कोरी पत्रिका कुणी दिली तर माणूस म्हणेल एवढी काय घाई होती. तसं त्याला साईटवर मोकळी पांढरी जागा दिसली की ती रिकामी वाटते, न सजवलेली वाटते, आलेल्या माणसाला पाणीपण विचारलं नाही असं वाटतं. हे मी समजू शकतो. शिवाय पैसे मोजलेले असतात. चाळीस हजार दिले आणि दिसतंय काय तर चार ओळी आणि फोन नंबर, मग तो विचारणारच, यात तुम्ही केलं काय? काढून टाकायला लागलेली मेहनत दाखवता येत नाही ना. सुताराचा रंधा फिरला की भुसा तरी पडतो खाली, मोजायला.

याचा त्रास मी अनेक वर्षं काढला. चांगली हलकी साईट केली आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडं गेलं, असं तीनदा झालंय. त्यातल्या एकानं नंतर जी करून घेतली ती मी उघडून बघितली, आधी प्रीलोडर, म्हणजे साईट येईपर्यंत दिसणारं चक्र, मग व्हिडीओ, मग परदेशी माणसांचे हस्तांदोलनाचे विकत घेतलेले फोटो, आणि धंदा काय तर बेदाण्याचा. तासगावच्या बेदाण्याच्या साईटवर कोट घातलेले गोरे लोक कशाला? बेदाणाच एवढा देखणा असतो, तो दाखवा की. मला जड साईटचा राग येतो तो इथं, फोटो आहेत म्हणून नाही, तर मालाचा फोटो सोडून बाकी सगळे आहेत म्हणून.

थोडा हिशेब सांगतो, कारण हा हिशेब गिऱ्हाईकाला सांगितला की त्याला पटतो, व्यापारी माणसाला वजनाची भाषा लगेच कळते. कॉम्प्युटरमध्ये देवनागरीचं एक अक्षर साठवायला 3 बाईट लागतात, इंग्रजीचं 1. म्हणजे मराठी तिप्पट जड. तरीसुद्धा फर्मची सगळी माहिती, कधी स्थापना, कुठला माल, कुठले दर, पत्ता, हजार शब्द धरले तरी वीस-बावीस केबीत बसतं. आणि मोबाईलवर काढलेला एक फोटो तसाच उचलून टाकला तर तो 4 एमबी. म्हणजे एका फोटोत तुमची माहिती जवळजवळ दोनशे वेळा बसली असती. तोच फोटो नीट लहान करून, वेबपी या हलक्या फॉर्मॅटमध्ये टाकला तर शंभर केबीच्या आत येतो आणि मोबाईलवर बघणाऱ्याला फरक कळत पण नाही. बिन निवडलेला माल कुणी गिऱ्हाईकासमोर ओततं का? मग फोटो का ओततात?

गूगल पण हे मोजतं. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसली पाहिजे, असा त्यांचा चांगल्या साईटचा निकष आहे. दुसरा निकष मला जास्त जवळचा वाटतो, पान उघडताना हलतं किती. तुम्ही फोनच्या बटणावर बोट नेता आणि नेमका वरचा फोटो उशिरा येतो, सगळं खाली ढकललं जातं आणि बोट भलतीकडंच पडतं. माझ्या आईला हे झालं की ती मोबाईल बाजूला ठेवते आणि म्हणते, मला नाही जमत बाबा. तिला जमतं. ज्यानं बनवलं त्यानं फोटोची जागा आधी राखून ठेवली नाही एवढंच, दोन आकडे लिहायचे असतात, रुंदी आणि उंची.

आणखी एक, मराठी मजकूर चित्रात घालायची खोड. पूर्वी कारण होतं, युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखी साठवायची पद्धत, नव्हतं रुळलेलं, प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, दुसऱ्याच्या मशीनवर सगळी चौकटी-चौकटी दिसायची, म्हणून लोक अक्षरांचंच चित्र करून टाकायचे. आता काही गरज नाही, तरी अजून चालूच आहे, कारण बॅनरवर सावली पडलेली अक्षरं छान दिसतात. पण त्या चित्रातला मजकूर शोधून सापडायचा भरवसा नाही, डोळ्यांनी अधू माणसाला मोबाईल वाचून दाखवेल तर त्यालाही ते गप्प, आणि कुणाला पत्ता कॉपी करायचा तर कॉपी होत नाही. व्यापारी माणसाचा पत्ता कॉपी होत नाही याच्याइतकं वाईट काय असेल.

पण म्हणून नुसतं साधं म्हणजे चांगलं असं पण नाही. साध्याच्या नावाखाली आळस खपवणारे खूप बघितलेत. मराठीला ओळींमधलं अंतर जास्त लागतं, वर वेलांटी-मात्रा खाली उकार, आणि इंग्रजीच्या मापानं ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो. बघणाऱ्याला कळत नाही काय टोचतंय, पण वाचावंसं वाटत नाही. फॉन्टचं पण तसंच, जोडाक्षरांमुळं मराठी फॉन्ट शंभर-दीडशे केबीला सहज जातो, मग बारीक-जाड असे पाच फॉन्ट लावायचे का एकच नीट निवडायचा, हे ठरवायला बसावं लागतं. फिकट करड्या अक्षरांची फॅशन आलीय ती तर मला अजिबात सहन होत नाही, उन्हात दिसत नाही काही.

मिरजेला एका सतारीच्या कारागिरांची साईट केली तेव्हा तर मी अगदी उलटं वागलो. सतारमेकर गल्लीत गेलं की आधी वास येतो, पॉलिशचा आणि लाकडाचा, आणि दारात वर टांगलेले वाळके भोपळे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण काम त्याच्या आधी दीडशेच्या वर वर्षं चाललंय. या कारागिरांचं आयर्विन काय? जो माणूस कोलकात्यातून किंवा जर्मनीतून वाद्य घ्यायला बघतोय त्याला आकडा नको असतो, त्याला दांडी बघायची असते, तुंब्याचा गोल बघायचा असतो, घोडी कशी बसलीय, नक्षी हातची आहे का साच्याची. तिथं मी मोठमोठे फोटो टाकले, एकेका वाद्याचे बारा-बारा. जवारी काढल्यावर, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवल्यावर, तंबोरा कसा बोलतो त्याचा आवाज टाकला. फक्त तो आपोआप सुरू होत नाही, दाबलं की लागतो, आणि फोटो जसं खाली जाल तसे येतात, सगळे एकदम अंगावर येत नाहीत. उस्ताद, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, फोटो बघून म्हणाले, "बेटा, ती तार सैल दिसायली, परत काढ." मी परत गेलो आणि परत काढला. ती साईट वजनानं माझ्या सगळ्या साईटींत जड आहे आणि मला ती मनापासून आवडते.

तर या सगळ्यानंतर गेल्या वर्षी मार्केट यार्डातून काकांचा फोन आला. 2006 च्या त्याच फर्मचे मालक, तबलावाले. आता केस पांढरे झालेत, मुलगा पुण्याला एमबीए करून परत आलाय आणि धंद्यात लक्ष घालतोय, चांगला पोरगा आहे. त्यानं लॅपटॉपवर एक साईट काढून ठेवलेली, पूर्ण स्क्रीनभर व्हिडीओ, स्लो मोशनमध्ये हळदीची पूड उधळतेय, पिवळा ढग, मागं संगीत. "दादा, असं पाहिजे." मला ते बघून माझंच हळकुंड आठवलं. त्याला नको म्हणायला जीभ वळेना.

मी काकांना विचारलं, काका, दिवसभरात फोन कशाला येतात तुम्हाला? काका म्हणाले, "कशाला म्हणजे, दर विचारायला की. राजापुरी काय, परपेठ काय, गड्डा काय, कणी काय. सकाळपासून तेच बोलतोय बघ." त्यांच्या मागं भिंतीवर फळा होता. रोज सौदे झाले की दिवाणजी खडूनं दर लिहितात, वर तारीख. मी त्या फळ्याचा फोटो काढला आणि मुलाला म्हणालो, आपण हा करूया. त्याचा चेहरा पडला. मग आम्ही दोघं गेटवर चहाला गेलो, तिथं माझ्या जुन्या मोबाईलवर त्याची आवडती साईट उघडायला लावली. 18 एमबी. चहा आला, संपला, पैसे दिले, ढग अजून अर्धाच होता. तो काही बोलला नाही पण परत येताना म्हणाला, "दादा, पण नुसता फळा बोर दिसणार ओ." त्याचं पण खोटं नव्हतं.

म्हणून रंगावर खूप वेळ घालवला. हळदीचा पिवळा पांढऱ्यावर दिसत नाही, अक्षरं उठत नाहीत, म्हणून पिवळा फक्त वरच्या पट्टीला आणि अक्षरं गडद तपकिरी. दर मोठ्या आकड्यात, वर तारीख आणि वेळ, खाली फोन, त्यावर बोट ठेवलं की लागतो. सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय मिळालंय ते एका ओळीत. सगळं पान नव्वद केबी. व्हिडीओला आत वेगळं पान दिलं, दाबलं तरच चालणारा, आणि त्यात विकतचा ढग नाही, आपल्याच यार्डातला सौदा, हमाल पोती उतरवतायत, पिवळी धूळ उन्हात दिसतीय. तो पोरानं स्वतः शूट केला आणि फार सुंदर केला.

मग काका म्हणाले, एक फोटो पाहिजेच, पेवाचा. सांगलीजवळच्या हरिपूरला पूर्वी हळद जमिनीखाली पेवात ठेवायचे, वर तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, आत पोट मोठं, आणि त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा जाऊ देतात. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली. पेव फुटलं असं आपण सहज म्हणतो, काकांनी खरीखुरी फुटलेली पेवं बघितलीत, त्यांच्या तोंडी तो शब्द वेगळाच येतो. एका सकाळी आम्ही तिघं गेलो. फोटो काढला. त्यात दिसतं काय, तर माती, थोडं गवत आणि एक तोंड झाकलेलं.

"पप्पा, यात दिसतंय काय?"

"पेव दिसतंय की," काका म्हणाले.

तो दरांच्या खाली टाकलाय, 60 केबीचा. दर काका स्वतः टाकतात, सौदे संपले की दिवाणजी फळ्यावर लिहितात आणि काका चष्मा लावून मोबाईलवर. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडून परपेठच्या दरात एक शून्य जास्त पडलं. मी तेव्हा कवठेमहांकाळला एसटीत होतो. दहा मिनिटांत त्यांना तीन फोन आले, एक इंदूरचा, दोन कर्नाटकातले, मग काकांनी मला लावला, "अरे शून्य काढ, शून्य काढ," आणि मी स्टँडवर गाडी थांबली तेवढ्यात खिडकीशी मोबाईल धरून काढलं.